रविवार सकाळची मयत

विमल, परवा कॉलनीच्या महिला मंडळाच्या बायका येऊन गेल्या. त्यांच्या सायक्लोस्टाइल अंकात तुझ्यावर अर्धं पान द्यायचं म्हणतात. ते मीच लिहावं, आणि काय लिहावं तेही शेजारच्या बोरकरबाईंनी जाता जाता सांगून टाकलं. स्वभाव मनमिळाऊ, हाताला चव, कोणाच्याही मदतीला धावून जायची. मी मान हलवली. तू असतीस तर आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसली असतीस. तुझं वरण एक दिवस पाण्यासारखं असायचं आणि दुसऱ्या दिवशी चमच्याने कापावं लागायचं. दुपारी कोणी कडी वाजवली तर तू मला खुणेनं सांगायचीस, झोपली आहे म्हणा. आता एवढ्या घाईनं तुला सुगरण आणि मनमिळाऊ करून भिंतीवर टांगायला सगळे निघालेत, आणि मी आडवं यायचं तरी कसं?

अर्धं पान त्यांना देईन. हे मात्र तुला लिहितोय, कारण आपण दोघं मिळून जे पिक्चर पाहिले त्याबद्दल मंडळाच्या अंकात लिहिलं तर कोराडीतल्या बायका आणखी दहा वर्षं तेच बोलतील.

पहिल्यांदा गेलो ते केवळ उन्हापायी. मे महिना होता. लग्नाला वर्ष होत आलेलं, कोराडीच्या वीजकेंद्राचं क्वार्टर नुकतंच मिळालेलं, आणि रविवारी सकाळच्या बसनं आपण नागपूरला बर्डीवर भांडी घ्यायला आलो होतो. भांडी घेऊन झाली तेव्हा रस्ता तव्यासारखा तापला होता. हिंदी पिक्चरला हाऊसफुल्लची पाटी लागलेली. शेजारच्या टॉकीजमध्ये मॉर्निंग शोला इंग्रजी काऊबॉयचा पिक्चर होता, आणि दारातून खसाच्या कूलरची गार हवा बाहेर येत होती. तू म्हणालीस, इंग्रजी आपल्याले काय समजते? मी म्हटलं, हवा तर समजते. नवं पातेलं मांडीवर घेऊन तू बसलीस.

ते पिक्चर काय होते, हे आज सांगितलं तर कोणाला पटणार नाही. कुठल्यातरी फुकट मिळालेल्या माळावर काढलेले. गाव म्हणजे चार लाकडी दर्शनी भिंती, कोणी दार जोरात लोटलं की अख्खं हॉटेल हलायचं. ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. रात्र दाखवायची म्हणून सगळं निळं करायचे, पण घोड्यांच्या सावल्या दुपारच्या असायच्या. एकच दगड, कपाळाला भेग पडलेला, त्याच्या शेजारून बदमाश पळायचे, त्याच्याच शेजारून शेरीफ पाठलाग करायचा, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या पिक्चरमध्ये दुसऱ्या राज्यातही तोच दगड. नागपूरला प्रिंट पोचेपर्यंत तिच्यावर एवढ्या रेघा पडलेल्या असत की त्या वाळवंटात सतत पाऊस पडतोय असं वाटे. मी पोट धरून हसायचो. तू हसत नव्हतीस. त्या पहिल्या दिवशी छपरावरचा एक उंच, हाडकुळा माणूस गोळी लागून खाली आला तेव्हा तू माझं मनगट असं धरलंस की घरी जाऊन पाहतो तर तुझ्या बांगडीचा वळ उठलेला.

बाहेर आल्यावर तू इतकंच विचारलंस, असा घोड्यावाला पिक्चर पुढच्या रविवारी लागते का?

लागत होता. दर रविवारी नवा आणि दर रविवारी तसाच. माझी शिफ्ट जमेल तसे आपण जात राहिलो. बस, थर्ड क्लासचं तिकीट, परत येताना भजी. तुला घोडे आवडत असतील असं मी धरून चाललो होतो. तुझ्या बापाच्या घरी रामटेकला धानाची शेती, बैलजोडी, जनावरांत वाढलेली पोरगी. मी बॉयलरवरच्या मित्रांना सांगायचो, आमच्या घरी शेरीफ आहे, पगार झाल्या झाल्या छापा पडतो. तुलाही ते आवडायचं. निदान मला तसं वाटायचं.

तो हाडकुळा माणूस मग मलाही ओळखू यायला लागला. त्याला नाव नसायचं, संवाद नसायचा. कधी डाकू, कधी डाकूंशी लढणारा गाववाला, कधी नुसताच गाडीवर बसलेला. उजवा खांदा जरा उतरता, डावा पाय किंचित ओढत चालायचा. गोळी लागली की बाकीचे धाडकन पडत, हा आधी खाली बसायचा, दिवसभर काम करून दमल्यासारखा, आणि मग आडवा व्हायचा. एका पिक्चरमध्ये तो मध्यंतराआधी मेला आणि मध्यंतरानंतर दुसऱ्या टोळीत टोपी बदलून परत मेला. मी म्हटलं, काय ही फसवणूक. तेव्हा तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "गरिबाचा पिक्चर आहे जी. माणसं कमी आहेत. एकालेच दोन-दोनदा मरा लागते."

हे वाक्य मी बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यांना ऐकवलं आणि सगळे हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

घरी आलीस की तू आधी मोरीत जायचीस आणि डोक्यावरून आंघोळ करायचीस. सकाळी एकदा झालेली असायची, तरी. ओले केस पाठीवर सोडून मग चुलीला हात लावायचीस. मी समजायचो टॉकीजमधले ढेकूण, किंवा बसच्या खिडकीतून येणारी आपल्या कोराडीची राख. ती राख तर वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळीकडेच. एखादी बाई दुपारी दुसऱ्यांदा न्हाली तर नवऱ्यानं त्यात काय वेगळं पाहायचं?

मग एका रविवारी कॉलनीचं पाणी गेलं. घरात पिण्यापुरतं एक मडकं होतं. तू मागच्या पायरीवर बसून राहिलीस. मला भूक लागलेली. सकाळी पोळ्या करून ठेवल्या होत्यास, नुसती भाजी गरम करायची होती. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तू वळून बघितलंस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "मयतीहून आल्यावर अशीच चुलीले हात लावू का?"

मी म्हटलं, "कोणाच्या मयतीहून वं?"

"गुलाबच्या."

गुलाब तुझा पाठचा भाऊ. लग्नात माझे बूट लपवून, वर मलाच पानाचा विडा आणून देणारा. आपल्या लग्नानंतर महिनाभरात, पेरणीच्या दिवसांत, बांधावर त्याला साप चावला. मी तेव्हा भुसावळला ट्रेनिंगला होतो आणि तू मौद्याला माझ्या आईकडे. रामटेकहून माणूस आला. पण नव्या नवरीनं मयतीला जायचं नसतं, अंगाची हळद उतरली नाही तोवर तिच्या कानावर अशी खबरही घालायची नसते, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. कोणी वाईट बुद्धीनं ठरवलं नाही. त्यांच्या आधीच्यांनी त्यांच्यासाठी तेच ठरवलं होतं. माणसाला चहा पाजून परत पाठवलं. तेरावं उरकल्यावर तुला सांगितलं, मलाही तेव्हाच कळलं. मौद्याहून रामटेक ते केवढं लांब, बसनं तासाभराची वाट! तू पोचलीस तेव्हा घर सारवून झालं होतं आणि गुलाबच्या खाटेवर पाहुण्यांची पोरं खेळत होती.

लहानपणी पायावर फावडं बसलं तेव्हापासून गुलाबही डावा पाय ओढत चालायचा. हेही मला त्या पायरीवरच कळलं. मी आपला घोडे मोजत बसलो होतो.

"माह्या भावाले कोणी पाहू देल्लं मले?" तू म्हणालीस. "इथी तरी पाहून राहिली ना मी."

त्या दिवशी मी बोरकरांकडून बादलीभर पाणी मागून आणलं. तू न्हालीस. मग आपण जेवलो.

पण भांडलो तर खूप. मी म्हणायचो, दर पिक्चरमधला तो माणूस एकच नाही. टोपी घातली, दाढी वाढवली की सगळे हाडकुळे सारखेच. आणि गुलाब गोल चेहऱ्याचा होता, मी त्याला मांडवात पाहिलाय. तू म्हणायचीस, "तोंड कोण पाहून राहिलं जी? तुम्ही चाल पाहा." त्या पिक्चरांत तोंड दिसायचंही नाही नीट. मरणाऱ्यांची तोंडं जवळून दाखवायला त्यांच्याकडं पैसे कुठले?

मग मला वाटलं, तुला हे एवढं आवडतं तर एक चांगला पिक्चर दाखवावा. मोठा, गाजलेला, बाल्कनीचं तिकीट काढून. काय ते डोंगर, काय ते संगीत, शेकडो घोडे! तू अर्ध्यात कंटाळलीस. बसमध्ये म्हणालीस, याच्यात मरणाऱ्याले वेळच देत नाही. मी वाद घातला, पण ते खरं होतं. मोठ्या पिक्चरमध्ये माणसं धुरळ्यासारखी उडतात आणि कॅमेरा हीरोकडं धावतो. आपल्या त्या फाटक्या पिक्चरांत धावायला दुसरं काही नसायचं. एक दगड, एक विहीर, एक मेलेला माणूस. दाखवणार तरी काय? मग तेच दाखवत बसायचे. वारा सुटलेला, हॉटेलचं दार आपसूक हलतंय, आणि रस्त्यात तो पडलाय. कोणी बोलत नाही, म्हणून इंग्रजी येत नाही याचंही काही अडत नाही. शो सुटून आपण बर्डीच्या उन्हात यायचो तेव्हा बाहेरही तोच रिकामा पांढरा उजेड असायचा आणि थोडा वेळ मला कळायचं नाही की पिक्चर संपला की नाही. त्या पिक्चरांत भूत कधीच नसायचं, पण ते सगळेच झपाटलेले होते. हे मला तुझ्या शेजारी बसून कळलं.

आणि मग तो शेवटचा रविवार. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा काम मिळालं होतं. खरंखुरं, नावानिशी. गावात नवीन आलेला मजूर, एका म्हातारीच्या घरी राहतो, आणि गावच्या भांडणात नाहक मारला जातो. तसाच आधी खाली बसला. पण या वेळी म्हातारी धावत आली. तिनं आपल्याकडं पाठ करून त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला पाणी पाजलं, त्याचे डोळे मिटले. गावातल्या चार माणसांनी खड्डा खणला. सगळं अगदी सावकाश, फावड्याच्या प्रत्येक आवाजासकट. तू रडत होतीस. रामटेकला रडली नाहीस, पायरीवर रडली नाहीस, आणि इथं थर्ड क्लासमध्ये शेंगांच्या टरफलांत पाय ठेवून हुंदके देऊन रडत होतीस. पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडं असं बघितलं की परत कोणी वळलं नाही. मनात म्हटलं, झालं. एकदाचं झालं.

तेवढ्यात रीळ बदललं आणि तो घोड्यावर बसून आला.

ऑपरेटरनं आधीचं रीळ राहिलं होतं ते आता लावलं होतं. तो गावात पहिल्यांदा येतो, तो भाग. रिकाम्या रस्त्यानं तो एकटाच येतोय, विहिरीवर उतरतो, पाणी पितो, तोंडावर मारतो आणि टोपी काढून हसतो. पब्लिकनं शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. मागून कोणीतरी ओरडलं, अबे मुर्दा उठ गया बे. सगळे हसायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसलो. बाजूला पाहिलं तर तू उठून उभी होतीस.

बसस्टॉपवर मी तुझी समजूत काढायला गेलो. म्हटलं, बरंच झालं ना वं, आला तर परत.

"आत्ता तर पोचवला होता मी त्याले," तू म्हणालीस. "परत काहून आणला?"

मी तुला रिळांचं समजावून सांगायला लागलो. डबे कसे येतात, क्रम कसा चुकतो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "रीळ चुकलं ते माहीत आहे मले. पण तो हसून राहिला होता ना जी. आपण मेलो हे त्याले माहीतच नाही."

 आणि मग माझ्या ध्यानात आलं की इतक्या रविवारांत तू पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं होतंस. मी विचारलं, गुलाबसारखं होतं का? बस आली होती. चढता चढता तू सांगितलंस, "नाही जी. दुसराच कोणीतरी होता."

त्या दिवशी तू आंघोळ केली नाहीस. सरळ स्वयंपाकघरात गेलीस आणि कांदा चिरायला घेतलास.

परत कधी गेलो नाही. मी एक-दोनदा विचारलं, तू मानेनंच नको म्हणालीस. त्यावर आपलं भांडण मात्र सुरूच राहिलं, इतकी वर्षं, मीठ कमी पडलं तरी त्यातून तिथं पोचणारं. मी म्हणायचो, गेलेलं माणूस क्षणभर परत दिसलं तर काय वाईट? चुकून का होईना. तू म्हणायचीस, त्याले त्रास होते. बोरकरांनी व्हिडिओ आणला तेव्हा क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला बोलावलं आणि नेमका काऊबॉयचाच पिक्चर लावला. मजा म्हणून बोरकरांनी कॅसेट उलटी फिरवली. पडलेली माणसं उभी राहू लागली, रक्त परत शर्टात जाऊ लागलं. सगळे हसत होते. तू चहा अर्धा टाकून घरी आलीस. मी मागून येऊन म्हटलं की एवढं काय मनाला लावून घेतेस, तर म्हणालीस, झोपलेल्याले उठवू नये.

आता हे भांडण संपवायचं कसं, मला सांग. मला तर कोणी अडवलं नाही. तुझा हात माझ्या हातात होता. पाणी मी पाजलं. डोळे मी मिटले. घाटावरून येऊन डोक्यावरून पाणी घेतलं तेव्हा तुझ्या सगळ्या रविवारांच्या आंघोळी एकदम आठवल्या आणि मोरीतून मला बाहेर यावंसं वाटेना. जे तुला मिळालं नाही ते सगळं मला मिळालं. उपकार आहेत, कोणाचे ते ठाऊक नाही. आणि तरी, विमल, तू गेलीस असं मला वाटतच नाही. रविवारी दुपारी शेजारच्या मोरीत पाणी पडलं की मी पंखा बंद करून ऐकत बसतो.

काल रविवार होता. बोरकर कळमन्याच्या धान्यबाजाराला निघाले होते, वर्षाची तूर भरायला. मला घरातून बाहेर काढावं म्हणून सोबत घेऊन गेले. पोत्यांच्या थप्प्यांमधून आम्ही चाललो होतो, आणि पुढं तू होतीस. जरा पुढं झुकून, एका हातानं पदर आवळून, टाच चपलेबाहेर टाकत. हिरवं लुगडं तुझं नव्हतं. बाकी सगळं तुझं होतं. बोरकर भाव विचारायला थांबले, मी थांबलो नाही. ती वळली की मी वळलो. मिरच्यांचा ठसका लागला म्हणून डोळ्यांतून पाणी आलं, निदान बोरकरांना मी तसं सांगितलं.

चार पावलं जोरात टाकली असती तर मी पुढं गेलो असतो. टाकली नाहीत. तोंड दुसऱ्याच कोणाचं असणार हे मला माहीत आहे, तूच दाखवून दिलं आहेस. म्हणून मी मागंच राहिलो, ती ट्रकांच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत. तू म्हणशील, परत काहून आणलं मले? आणलं नाही मी. मी नुसता मागून चाललो.

तूर मिळाली. मिरच्या मात्र राहिल्यात, त्यासाठी बोरकर पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहेत. घरात मिरच्या खाणारं आता कोणी नाही, तरी मीही येतो म्हणून सांगितलं.